सुडोकूच्या पुढे काय? नुरिकाबे, स्लिदरलिंक आणि अंदाज न लावता कोडं सोडवणं

पर्वतीची_पायरी

सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रातलं सुडोकू सोडवणारी मंडळी इथे बरीच आहेत. त्यातल्या अनेकांचा प्रश्न एकच असतो: हात बसलाय, आता पुढे काय? त्यांच्यासाठी हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. सुडोकू मुळात जपानचं नाही. हॉवर्ड गार्न्स या अमेरिकन वास्तुविशारदाचं हे कोडं १९७९ साली डेल या प्रकाशनसंस्थेच्या कोड्यांच्या नियतकालिकात ‘नंबर प्लेस’ नावाने आलं. १९८४ मध्ये ते जपानच्या निकोली प्रकाशनाने उचललं आणि दोन वर्षांनी त्याला दोन बंधनं घातली. दिलेले आकडे ३२ पेक्षा जास्त नकोत आणि त्यांची मांडणी सममित हवी. नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने ते छापायला घेतलं आणि मग जगभरच्या वर्तमानपत्रांत ते पसरलं. पण निकोलीच्या घरात सुडोकूची भावंडं खूप आहेत: हितोरी, हाशी, शिकाकु, हेयावाके, माश्यू, काकुरो, नुरिकाबे, स्लिदरलिंक. यातल्या बहुतेकांत बेरीज-वजाबाकीसुद्धा लागत नाही. पेन्सिल आणि स्वस्थ बसायची तयारी असली की झालं.

मला सगळ्यात जवळचं नुरिकाबे. हे मार्च १९९१ मध्ये निकोलीच्या अंकात पहिल्यांदा आलं. नियम असे:

चौकोनी जाळं असतं, काही घरांत आकडे असतात. प्रत्येक आकडा म्हणजे एक बेट, आणि आकडा जेवढा तेवढी त्या बेटाची पांढरी घरं. एका बेटावर एकच आकडा. दोन बेटांच्या बाजू एकमेकांना लागता कामा नयेत. उरलेली सगळी घरं समुद्र, म्हणजे काळी. समुद्र सलग हवा, कुठेही तुटलेला चालणार नाही. आणि समुद्रात कुठेही २×२ चा पूर्ण काळा चौकोन होता कामा नये.

या धाग्यासाठी एक छोटं कोडं बनवलं आहे. ठिपका म्हणजे रिकामं घर.

१ · · · ३
· · ३ · ·
· · · · ·
· · · · ·
· १ · १ ·

चौकटीच्या वहीत उतरवून घ्या. कळकळीची विनंती एकच: अंदाज लावू नका. हाताने बनवलेल्या कोड्यात बनवणाऱ्याने एक वाट आखलेली असते. कुठून सुरुवात होईल, कुठे अडेल, कुठला आकडा शेवटपर्यंत गप्प बसेल, हे त्याने ठरवलेलं असतं. अंदाजाने भरलं तर उत्तर मिळतं, पण ती वाट पाहायची राहून जाते. माझ्या मते कोड्यातला सगळा आनंद त्या वाटेवर आहे.

शनिवारवाला

बेटं कोपऱ्याला कोपरा लागून चालतील का? आणि समुद्र तिरका जोडलेला चालेल?

पर्वतीची_पायरी

बेटं कोपऱ्याला कोपरा लागून चालतात. समुद्र मात्र बाजूला बाजू लागूनच जोडलेला हवा, तिरका जोड धरायचा नाही.

डेक्कनक्वीनकर

पासधारक आहे, गाडीत बसल्या बसल्या सोडवलं. उजवीकडच्या ३ ला सरळ खाली नेऊन पाहिलं, मधला ३ खाली वळवून डावीकडे नेला, जमलं. कर्जत यायच्या आत उत्तर तयार. आता प्रामाणिक प्रश्न: उत्तर बरोबर आलं असेल तर अंदाजाने काय बिघडलं? सुडोकूतसुद्धा मी अडलो की एक आकडा टाकून पाहतो.

केतकी_म

काका, बिघडलं काहीच नाही, पण मधली गंमत निसटली. मी पायरी पायरीने लिहिते. ज्यांना स्वतः सोडवायचं आहे त्यांनी हा प्रतिसाद आत्ता वाचू नका.

१ च्या शेजारची सगळी घरं काळी, कारण ते बेट तिथेच संपलं. म्हणून वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या १ च्या उजवीकडचं आणि खालचं घर काळं. खालच्या ओळीत १, ३ आणि ५ क्रमांकाची घरं काळी, आणि चौथ्या ओळीतली २ व ४ क्रमांकाची घरंही काळी.

आता खालचा डावा कोपरा बघा. त्याच्या उजवीकडे १ आहे, म्हणजे पांढरं. हे काळं घर समुद्राला जोडायचं तर वर जाण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून चौथ्या ओळीचं पहिलं घर काळं. हाच न्याय खालच्या ओळीच्या मधल्या घराला आणि उजव्या कोपऱ्याला. चौथी ओळ अख्खी काळी झाली.

इथून कोडं खुलतं. चौथी ओळ पूर्ण काळी असेल तर तिसऱ्या ओळीत दोन काळी घरं शेजारी शेजारी येऊच शकत नाहीत, लगेच २×२ होईल. तिसऱ्या ओळीची पहिली दोन घरं घ्या. त्यातलं एक पांढरं हवंच. तिथवर पोचणार कोण? वरचा १ जागचा हलत नाही. उजव्या कोपऱ्यातला ३ फार लांब. राहिला दुसऱ्या ओळीतला ३. त्यालाही पहिल्या घरापर्यंत जायला चार घरं लागतील, म्हणून दुसरं घर पांढरं, आणि या ३ ची सगळी घरं त्या रस्त्यातच खर्च होणार.

आता तिसऱ्या ओळीची तिसरी आणि चौथी जोडी. चौथ्या घरात कोणी पोचू शकत नाही: मधल्या ३ ची घरं संपली, कोपऱ्यातल्या ३ ला तिथे यायला चार घरं लागतात. म्हणून तिसरं घर पांढरं. मधलं बेट पूर्ण. चौथं घर काळं, तेव्हा पाचवं पांढरं, आणि तिथे कोपऱ्यातला ३ सरळ खाली उतरूनच येऊ शकतो.

१ ■ ■ ■ ३
■ ■ ३ ■ □
■ □ □ ■ □
■ ■ ■ ■ ■
■ १ ■ १ ■

कुठेही ‘बघू या जमतंय का’ म्हणावं लागलं नाही. आणि पायरीताई, उजव्या कोपऱ्यातला ३ अगदी शेवटपर्यंत गप्प ठेवलात, ते फार आवडलं!

निवृत्तमास्तर

केतकी, मांडणी सुरेख. वर्गात फळ्यावर लिहावी अशी.

‘अंदाज’ या शब्दाविषयी मात्र थोडं बोलतो, कारण तिथे गल्लत होते असं मला वाटतं. वर्गमूळ २ ही अपरिमेय संख्या आहे हे आपण शाळेत कसं सिद्ध करतो? ‘समजा, ती परिमेय आहे’ अशी सुरुवात करतो आणि विसंगती दाखवतो. तो अंदाज नव्हे, ती रीतसर सिद्धता आहे. मग ‘समजा, हे घर काळं आहे’ असं म्हणून पुढे विसंगती दिसली आणि घर पांढरं केलं, तर त्यात कमीपणा कसला? केतकीच्या पायऱ्यांतही ‘नाहीतर २×२ होईल’ हे आलंच आहे.

फर्ग्युसनमध्ये शिकलेले द. रा. कापरेकर पुढे देवळालीच्या शाळेत शिकवत. ६१७४ ही त्यांची संख्या जगाला माहीत झाली ती आकडे मांडून पाहण्याच्या छंदातून. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते. करून पाहणं हे गणितातलं जुनं आणि मानाचं काम आहे, एवढंच सांगायचं होतं.

पर्वतीची_पायरी

सर, तुमचं म्हणणं मान्य. मी रेषा वेगळ्या ठिकाणी ओढते. ‘समजा’ म्हटल्यावर विसंगती दोन-तीन पावलांत, कागदावर काही न लिहिता, नजरेसमोर दिसत असेल तर ते तर्काचंच काम. पण ‘समजा’ म्हणून अर्धं जाळं फिकट पेन्सिलीने भरायचं, अडलं की सगळं खोडायचं आणि दुसऱ्या बाजूने भरायचं, यात हाती काय लागतं? उत्तर लागतं, पण ते तसंच का, हे कळत नाही. डेक्कनक्वीनकरांचा मार्ग बरोबर निघाला. मात्र उजवा ३ खालीच का जायला हवा, हे त्या मार्गाने कळलं नसतं.

विसंगती दिसली की मी आणखी एक करते. ती का आली याचं छोटं कारण शोधते. बहुतेक वेळा ते मिळतं आणि पुढच्या कोड्यात ‘समजा’ न म्हणताच ते घर ओळखू येतं. वाढ होते ती इथे.

डेक्कनक्वीनकर

पटलं. परतीच्या प्रवासात उत्तर झाकून केतकीच्या वाटेने पुन्हा गेलो. चौथी ओळ अख्खी काळी होते ते मला सकाळी दिसलंच नव्हतं.

साकुरासान

जपानी शिकते आहे, म्हणून निकोलीबद्दल थोडी भर घालते. १९८० मध्ये माकी काजी यांनी मित्रांबरोबर निकोली हे कोड्यांचं नियतकालिक सुरू केलं आणि नाव ठेवलं एका शर्यतीच्या घोड्यावरून. काजी २०२१ मध्ये वारले. सुडोकू जगभर गेलं म्हणून त्यांना ‘सुडोकूचा जनक’ म्हणत, पण त्यांचं मोठं काम मला वेगळं वाटतं. त्यांनी वाचकांना कोडी बनवायला लावलं. निकोलीतले कितीतरी प्रकार संपादकांच्या टेबलावर जन्मलेले नाहीत, वाचकांनी पाठवलेले आहेत. नुरिकाबे तसंच आलं, टोपणनावाने लिहिणाऱ्या एका वाचकाकडून.

स्लिदरलिंकची, म्हणजे आकड्यांच्या आधाराने ठिपके जोडून एकच बंद वळसा काढायच्या कोड्याची, जन्मकथा तर मला फार आवडते. दोन वाचकांनी दोन वेगवेगळी कोडी पाठवली होती, संपादकांनी ती एकत्र केली आणि जून १९८९ च्या २६ व्या अंकात छापली. सुरुवातीला प्रत्येक घरात आकडा असायचा. पुढे लक्षात आलं की बरेचसे आकडे काढून टाकले तरी उत्तर एकच राहतं, आणि कोडं जास्त देखणं होतं.

आपल्याकडेही मराठीत असं व्हावं असं मनापासून वाटतं. या धाग्यावर पायरीताईंनी स्वतःचं कोडं दिलं, म्हणजे सुरुवात झालीच आहे.

हिंजवडी_फेज३

कोडी बनवणारे प्रोग्राम लिहिण्याचा मला छंद आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ‘संगणकाचं कोडं म्हणजे निर्जीव’ असं सरसकट म्हणू नये. सायमन टॅथम यांचा फुकट मिळणारा कोड्यांचा संच पाहा. त्यात कोडी बनवणाऱ्या जनरेटरबरोबर ती सोडवणारा सॉल्व्हरही असतो, तो माणसासारख्या पायऱ्यांनी सोडवून पाहतो आणि त्यावरून अवघडपणा ठरवतो. म्हणजे अंदाज लावावा लागणारी कोडी तो बाजूला काढू शकतो. सरावाला कोडी संपत नाहीत, हा मोठा फायदा. शिवाय उत्तर एकच आहे याची खात्री तो करतो. हाताने बनवताना माणसाला तीच गोष्ट सगळ्यात जड जाते.

ताकायुकी यातो यांनी २००० मध्ये दाखवलं की स्लिदरलिंक हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे. सोप्या भाषेत, जाळं मोठं होत गेलं तर प्रत्येक वेळी झटपट सोडवून देणारी रीत आज कोणाकडेच नाही, संगणकाकडेही नाही. तरीही छापलेली कोडी आपण चहा निवायच्या आत सोडवतो. का? कारण ती निवडून ठेवलेली असतात. इथे मी पायरीताईंच्या बाजूचा आहे. चांगली निवड माणूसच करतो. माझा प्रोग्राम बरोबर कोडी देतो, पण ‘उजवा ३ शेवटपर्यंत गप्प ठेवावा’ असं त्याला सुचत नाही.

शनिवारवाला

एक शंका. मधला ३ दुसऱ्या ओळीत दिला आहे. केतकीच्या उत्तरात त्याच बेटाचं एक घर तिसऱ्या ओळीत दुसऱ्या जागी आहे. आकडा तिथे लिहिला असता तर? बेट तेच, उत्तर तेच, मग फरक काय पडतो?

केतकी_म

फरक पडतो! आत्ताच करून पाहिलं. ३ तिसऱ्या ओळीच्या दुसऱ्या घरात ठेवला की आधीचं उत्तर टिकतं, पण आणखी एक निघतं:

१ ■ □ □ ३
■ ■ ■ ■ ■
■ ३ □ □ ■
■ ■ ■ ■ ■
■ १ ■ १ ■

सगळे नियम तपासा, समुद्र सलग आहे, २×२ कुठेच नाही. म्हणजे आकडा एक घर खाली आणि एक घर डावीकडे सरकवला की कोडं बाद.

पर्वतीची_पायरी

अगदी हेच. शनिवारवाला, फार चांगला प्रश्न विचारलात. बनवणाऱ्याचा बराचसा वेळ यातच जातो. बेटं कुठे असतील हे ठरवणं सोपं असतं, आकडा त्या बेटाच्या कुठल्या घरात लिहायचा हे ठरवणं कठीण. वर ठेवलेला ३ तिसऱ्या ओळीत उजवीकडे फार पसरू शकत नाही, कारण डावीकडची जोडी त्याला ओढून नेते. खाली ठेवला की डावी जोडी आपोआप भागते आणि तो उजवीकडे मोकळा सुटतो.

सुडोकूतही हेच. उत्तर एकच यायचं तर कमीत कमी १७ आकडे लागतात, हे २०१२ मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर प्रचंड शोध घेऊन दाखवलं. पण कुठलेही १७ आकडे चालत नाहीत. कुठे ठेवता यावर सगळं.

हिंजवडी_फेज३

यावरून एक जुना वाद आठवला. उत्तर एकच आहे हे माहीत असताना त्याचाच वापर सोडवायला करावा का? उदाहरणार्थ, सुडोकूत दोन ओळी, दोन स्तंभ आणि दोनच पेट्या यांत बसणारी चार घरं. तीन घरांत ४ किंवा ७ च येऊ शकतात, चौथ्यात ४, ७ किंवा ९. चौथ्यातही ४ किंवा ७ आला तर ती चार घरं अदलाबदल करून दोन उत्तरं होतील. म्हणून तिथे ९. वेळ लावून सोडवणारे स्पर्धक अशा गोष्टी बिनधास्त वापरतात.

निवृत्तमास्तर

माझं मत विरुद्ध आहे. ‘उत्तर एकच आहे’ हे कोडं बनवणाऱ्याचं वचन आहे. ते जाळ्यात लिहिलेलं नाही. सोडवणाऱ्याने उत्तर एकच का आहे हे स्वतः दाखवायला हवं, तरच ते पूर्ण झालं. स्पर्धेत घड्याळ असतं, तिथली गोष्ट वेगळी. घरी कसली घाई?

वारजेची_वर्षा

हा धागा वाचून पाचवीतल्या मुलीला स्लिदरलिंक दाखवलं. नुरिकाबेपेक्षा तिला ते लगेच भावलं, कारण ते ठिपक्यांच्या रांगोळीसारखं दिसतं: ठिपके जोडत जायचं, रेघ कुठे तुटायला नको. नियमही थोडेच. ठिपके जोडून एकच बंद वळसा काढायचा, तो स्वतःला छेदणार नाही, फाटे फुटणार नाहीत. घरातला आकडा सांगतो की त्या घराच्या चार बाजूंपैकी किती बाजूंवर रेघ आहे. जिथे रेघ नाही हे नक्की, तिथे छोटी फुली मारायची. या फुल्या मारायला तिला आधी कंटाळा आला, पण त्याच कोडं सोडवतात हे तिच्या लवकर लक्षात आलं.

आम्ही दोघींनी मिळून शोधलेल्या युक्त्या देते. पुस्तकात असतीलच, पण स्वतः शोधल्या म्हणून जास्त आवडल्या.

३ च्या खाली ० असेल तर ३ च्या उरलेल्या तिन्ही बाजूंना रेघ. एवढं तिने चटकन सांगितलं. मग मी विचारलं, खाली उतरलेल्या रेघांची टोकं कुठे जाणार? ० च्या बाजूंनी जाता येत नाही, म्हणून दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. एका ३ आणि एका ० मधून पाच रेघा मिळाल्या!

दोन ३ शेजारी असतील तर मधल्या सामाईक बाजूला रेघ हवीच. ती नसेल तर दोन्ही घरांच्या बाहेरच्या सगळ्या बाजू भराव्या लागतात आणि तिथेच छोटा वळसा बंद होतो, बाकीचे आकडे उघडे पडतात. हे कारण तिने सांगितलं, मी नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजली नाही. कोपऱ्यात २ असेल तर काहीतरी नक्की सांगता येतं असं वाटतं, पण पकडता येत नाही. २ म्हणजे कोणत्याही दोन बाजू, मग नक्की काय?

केतकी_म

वर्षाताई, समजा २ वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे. कोपऱ्यातल्या ठिपक्याला दोनच रस्ते आहेत, म्हणून तिथे एक तर दोन्ही रेघा असतील किंवा एकही नसेल. दोन्ही असतील तर २ पूर्ण झाला. वरची रेघ उजवीकडच्या ठिपक्यापाशी पोचते, तिथून खाली वळता येत नाही, म्हणून कडेकडेने पुढे जाते. एकही नसेल तर २ च्या उरलेल्या दोन बाजूंवर रेघा. त्यातली उभी रेघ त्याच ठिपक्यापाशी वर येते, कोपऱ्याकडे वळता येत नाही, म्हणून पुन्हा कडेने पुढेच. दोन्ही वेळा त्या ठिपक्यापासून पुढची रेघ नक्की. डाव्या कडेने खालच्या बाजूलाही तेच. २ च्या स्वतःच्या बाजूंबद्दल काहीही न कळता त्याच्या पलीकडच्या दोन रेघा मिळतात.

वारजेची_वर्षा

कळलं! मुलीला फक्त ‘कोपऱ्यातल्या ठिपक्याला रस्ते किती?’ एवढंच विचारणार, पुढचं तिला शोधू दे.

निवृत्तमास्तर

वर्षाताई, आणखी एक तिला द्या. वळसा बंद आहे, म्हणजे प्रत्येक घर एक तर आत आहे किंवा बाहेर. जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी सरळ ओळ धरली तर ती वळशाला सम वेळाच छेदणार, कारण बाहेरून निघालो आणि बाहेरच पोचलो. एका ओळीतल्या सगळ्या उभ्या रेघा ठरल्या आणि एकच शंकेची उरली, तर मोजून ती सांगता येते. डोळ्यांना हे उघड दिसतं, पण याची काटेकोर सिद्धता देण्याचा पहिला मोठा प्रयत्न कामील जॉर्दान यांनी १८८७ मध्ये केला. पाचवीतल्या मुलीला सिद्धता नको, पण मोजायला नक्की आवडेल.

डेक्कनक्वीनकर

साधा प्रश्न: पेन्सिल कुठली? गाडीच्या हादऱ्यात टोक मोडतं.

साकुरासान

०.५ ची यांत्रिक पेन्सिल, शिसं एचबी. २बी फासतं आणि फुल्या काळपट होतात. नुरिकाबेत अख्खं घर रंगवत बसू नका, काळ्या घरात तिरकी रेघ आणि पांढऱ्यात ठिपका पुरतो, खोडायलाही सोपं. अप्पा बळवंत चौकात चौकटीच्या वह्या मिळतात, त्यातली मोठ्या चौकटीची घ्या.

शनिवारवाला

सगळ्यांनी एकदा भेटू या का? सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आखलेलं आहे, जपानी कोड्यांना याहून चांगली जागा पुण्यात कुठली मिळणार?

पर्वतीची_पायरी

जरूर. एकच अट घालते: येताना प्रत्येकाने स्वतः बनवलेलं एक कोडं आणायचं, ५×५ चं का असेना. उत्तर एकच आहे ना हे घरी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. हिंजवडीकरांनी तपासायला प्रोग्राम आणला तर उत्तमच. वर्षाताई, मुलीला घेऊन या, तिचंही कोडं हवं. तारीख रविवारचीच धरू, सोयीची वेळ ज्याने त्याने खाली लिहा.